वय कोणाचं झालंय?

जुनी पद्मिनी बाळगणाऱ्याला फुकट निदानांची वानवा नसते. गाडी चढावर धापा टाकू लागली की एक म्हणतो कार्बोरेटर, दुसरा म्हणतो प्लग, तिसऱ्याला पेट्रोलात भेसळ दिसते. चौथा बॉनेटवर हात फिरवून नुसतं एवढंच म्हणतो, "वय झालं हो."

वय झालंय, हे खरंच. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४पासून फियाट डिलाइट म्हणून बाहेर पडणारी ही गाडी १९७४मध्ये पद्मिनी झाली, आणि २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या तिच्या टॅक्स्याही निवृत्त झाल्या. पण वय झालं हे काही निदान नव्हे. कोणाचं झालं, ते सांगा!

जाणता मिस्त्री या वादात पडत नाही. तो इंजिन गरम करतो, चारही प्लग काढतो, कॉइलची वायर सोडवतो, आपल्याला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायला लावतो आणि प्लगच्या भोकात कंप्रेशन मोजायचा गेज बसवून स्टार्टर मारतो. मालकाला वाटतं, आकडा मोठा यावा. मिस्त्रीला हवे असतात चार सारखे आकडे. १०८९ सीसीचं हे इंजिन म्हणजे चार भोयांची पालखी. चौघंही थकलेले असले तरी ती रमतगमत मुक्कामाला पोचते. एकानेच खांदा टाकला की आतल्या देवाला हिसके बसतात.

समजा, तिघांनी १३० दाखवले आणि एक ९०वर अडला. मग त्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत जातं आणि पुन्हा स्टार्टर. इथे मालकाने हर्षाची घाई करू नये. आकडा चढला, तर तेलाने फट बुजवली, म्हणजे रिंगा नाहीतर बोअर झिजलेत; अख्खं इंजिन उतरणार. आकडा ढिम्म राहिला, तर बहुधा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. हेड काढून भागतं, आणि नशीब जोरावर असेल तर आवळलेला टॅपेट सैल करूनही. शेजारशेजारचे दोघे पडले असतील, तर संशय मधल्या गॅस्केटवर. सुधारणा दिसताच खिसा चाचपायला लावणारी दुसरी तपासणी माझ्या पाहण्यात नाही.

आणि चारही आकडे सारखेच उतरलेले निघाले तर? मिस्त्री हात पुसत म्हणतो, "चालवा बिनधास्त." मग चालवायची. खंबाटकीच्या चढावर मागच्या ट्रकला हात दाखवून पुढे जाऊ द्यायचं. जाताना क्लीनर आपल्या धुराकडे बघून हसेल. हसू दे. त्याच्या ट्रकचं कंप्रेशन कुणी मोजलंय?