मामा, माझ्याकडे बरोबर दिसतंय

सोसायटीचा कारभार कागदावरून कॉम्प्युटरवर आला, तेव्हा भांडणं कमी होतील असं सगळ्यांना वाटलं होतं. पूर्वी इतिवृत्तात काय लिहिलंय यावरून वाद व्हायचे. आता ते उघडत का नाही यावरून होतात.

आमच्या अंबरनाथच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका विंडोजवाले. हिशेब लावून देणारा त्यांचा बदलापूरचा भाचा मॅकवाला. तो लोकलमध्ये उभ्याउभ्या झिप पाठवतो. काका ती उघडतात, तर 'अंबरनाथ' या फोल्डरच्या जागी ग्रीक आल्फा, मग डोक्यावर नागमोडी रेघ असलेला एन, मग कसलीशी खूण, आणि हेच सात वेळा. काका फोन लावतात. पलीकडून उत्तर येतं, "मामा, माझ्याकडे बरोबर दिसतंय." या वाक्यापुढे मामालोकांचं काही चालत नाही.

यात भुताटकी नाही. युनिकोडच्या रूढ पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह साठवायला 3 बाइट लागतात. 'अंबरनाथ'मध्ये अनुस्वार आणि काना धरून 7 चिन्हं, म्हणजे 21 बाइट. फिल काट्झने 1989 मध्ये झिप आणलं, तेव्हा फाइलींची नावं आयबीएम पीसीच्या 1981 च्या अक्षरतक्त्यातलीच असणार, असं धरलेलं होतं. त्या तक्त्यात इंग्रजी, थोडं युरोपी आणि चवीपुरतं ग्रीक. इथलं शिवमंदिर 1060 सालचं असलं म्हणून काय झालं, तक्त्यात अंबरनाथला जागा नव्हती. 'हे नाव युनिकोडमध्ये आहे' असं सांगणारी खूण झिपच्या नियमांत आली 2006 मध्ये. मॅकने वर्षानुवर्षं नावं युनिकोडमध्ये भरली, पण खूण लावली नाही. विंडोजने खूण दिसत नाही म्हणून जुना तक्ता काढला. वर मॅकचं स्वतःचं एक जादा फोल्डर गठ्ठ्यातून येतं, आहेराच्या साडीला दुकानाची पावती तशीच टाचलेली असावी तसं. काका ते भक्तिभावाने जपून ठेवतात. 40 दिवसांच्या बोलीवर आलेला, झिप उघडणारा विनरारही त्यांच्याकडे कैक वर्षं मुक्कामाला आहेच.

नावांचं निस्तरलं, की आतली फाइल. ती जुन्या श्रीलिपी फॉन्टमधली, आणि काकांकडे तो फॉन्ट नाही. म्हणजे गाठ सुटली तरी मजकूर बांधलेलाच.

मग पेन ड्राइव्ह घेऊन उल्हासनगर, कॅम्प नंबर 4. तिथल्या डीटीपीवाल्याला यातलं काही नवं नाही. फाळणीनंतर लष्करी छावणीत वसलेलं आणि 1949 मध्ये नाव मिळालेलं हे गाव. इथली सिंधी अरबी वळणाच्या लिपीतही लिहितात आणि देवनागरीतही. आजोबांची चिठ्ठी नातवाला वाचता येईलच असं नाही, भाषा घरातलीच असून. तो स्क्रीनकडे न बघताच सांगतो, "साईं, पीडीएफ करून आणा."

त्याचंच बरोबर आहे. त्याऐवजी अंबरनाथ हे नाव रोमन अक्षरांत लिहून 1981 च्या तक्त्याचा मान राखावा, हे मला तरी पटत नाही. तेव्हा बदलापूरच्या, आणि बदलापूरबाहेरच्याही, भाच्यांनो, तुमच्याकडे बरोबर दिसतंय हे मान्य. पाठवण्याआधी मामाकडे कोणतं मशीन आहे, तेवढं विचारा.