वरून काही आलेलं नाही

प्रति,
मा. मुख्याध्यापक
(नाव आणि शाळेचा पत्ता मुद्दाम वगळला आहे. एकट्या आपलाच मान केला, तर आपल्या बाकीच्या सहकाऱ्यांवर अन्याय व्हायचा.)

विषय : इयत्ता आठवीतील एका विद्यार्थ्याच्या तक्रारीवर आपण केलेल्या तत्पर कार्यवाहीबद्दल अभिनंदन

महोदय,

स. न. वि. वि.

मी त्या मुलाची आत्या. भाऊ-भावजयीबरोबर आपल्या कार्यालयात आले होते, कोपऱ्यात बसले होते. आपण मला चहा विचारलात, काम विचारलं नाहीत. सांगायचं एवढंच, की माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात झाली. कागद कसा टाळावा, यातले भलेभले उस्ताद मी जवळून पाहिलेत. पण आपली सफाई काही औरच. भावानं लेखी तक्रार पुढे केली, तेव्हा आपण ती हातातसुद्धा न घेता म्हणालात, "लेखी कशाला? आपण काय परके आहोत का?" झालं. परके नाही म्हणून अर्ज नाही, अर्ज नाही म्हणून आवक क्रमांक नाही, आणि आवक क्रमांक नाही म्हणजे तक्रारच नाही. वर्षाच्या शेवटी 'प्राप्त तक्रारी : निरंक' लिहायला आपण मोकळे.

तो अर्ज आपण वाचलाच नाहीत, म्हणून त्यातलं थोडं इथे देते. वर्गात हजेरी घेताना सहा नंबर पुकारला की पोरं आमच्या मुलाकडे बघून फिदीफिदी हसतात. सहा नंबर त्याचा नाही. ज्या बिचाऱ्याचा आहे, त्यानं बाईंकडे नंबर बदलून मागितलाय म्हणे. मैदानावर कुणी सिक्सर मारला, की टाळ्या आमच्या मुलाच्या नावानं. गणिताच्या तासाला मागच्या बाकावरून फर्माईश झाली, "सर, त्याला सहाचा पाढा म्हणायला सांगा." सरांना विनोद कळला नाही असं मी समजले असते, पण सरांनी पाढा म्हणायला लावला आणि साही साही छत्तीसला स्वतःही हसले. शर्टाच्या पाठीवर खडूनं काढलेला सहाचा आकडा भावजय कुणाला न दाखवता घासून काढते.

दुसरी गोष्ट पाण्याच्या बाटलीची. सकाळी भरून दिलेली बाटली संध्याकाळी तशीच भरलेली परत येते. पाणी प्यायलं की मुतारीत जावं लागतं, आणि मधल्या सुट्टीत तिथं दहावीची मुलं 'तपासणी'ला उभी असतात. हे त्यानं आईला सांगितलं नाही, डॉक्टरांना सांगितलं. लघवीला जळजळ व्हायला लागली म्हणून नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, पाणी भरपूर प्यायला हवं. तो म्हणाला, "शाळा सुटल्यावर पितो."

यावर आपलं निदान मात्र डॉक्टरांपेक्षा पक्कं. "अहो, त्याचं चालणं-बोलणंच जरा तसं आहे, तुम्हीच बघा ना. कथक बंद करा, कबड्डीला घाला." शिवाय त्याला एकट्याला आत बोलावून आपण पंधरा मिनिटं 'समुपदेशन'ही केलंत. ज्यांनी आकडा काढला त्यांचं नाही. ज्याच्या पाठीवर निघाला त्याचं. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपल्या शाळेत व्याकरणाच्या तासाला शिकवतात की कार्यालयीन कामकाजात, हे विचारायचं राहूनच गेलं.

आणि मग ते ब्रह्मवाक्य. "या असल्या विषयावर वरून आम्हाला काही आलेलं नाही."

साहेब, ही 'वरून'ची महती मला नवी नाही. आमच्याही कार्यालयात 'वर' नावाचं एक दैवत होतं आणि नको असलेली प्रत्येक फाईल त्याच्या पायाशी ठेवायची पद्धत होती. पण सवयीनं मी शोधलं. आणि कळवायला अत्यंत खेद होतो, की वरून बरंच काही आलेलं आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये आला. त्याचं कलम १७ म्हणतं, बालकाला शारीरिक शिक्षाही नाही आणि मानसिक त्रासही नाही. देणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई. आरटीई म्हटलं की आपल्या लोकांना फक्त पंचवीस टक्के प्रवेश आठवतात, पुढची पानं कोरी असल्यासारखी. आपल्या पी.टी.च्या सरांनी प्रार्थनेच्या वेळी त्याला मुलींच्या रांगेत नेऊन उभं केलं आणि "आता लाईन बरोबर झाली" असं माइकवरून म्हटलं, तेव्हा हे कलम आपल्या कपाटात होतं. मुलगा तेरा वर्षांचा आहे आणि हा कायदा चौदापर्यंत लागू आहे. म्हणजे एवढं एक वर्ष तग धरलात की त्या कलमाच्या कटकटीतून आपण सुटलात.

पुढे तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा, २०१९. कलम १३ : सरकारी निधी किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेनं भेदभाव न करता शिक्षण द्यायचं, खेळ आणि करमणुकीच्या संधीही इतरांच्या बरोबरीनं. आपली शाळा अनुदानित, म्हणजे निधीही आणि मान्यताही. त्याखालचे नियम २०२० चे. त्यांत तर प्रत्येक शिक्षणसंस्थेत अशा छळाची दाद लावणारी समिती हवी, असं आहे, आणि त्रास देणाऱ्यांचा उपसर्ग विद्यार्थ्याला होऊ नये हे बघायचे अधिकार तिला हवेत. त्रास देणाऱ्यांत शिक्षकही आले, असं स्पष्ट लिहिलंय. दिल्लीत बसून नियम करणाऱ्यांना आपल्या पी.टी.च्या सरांची इतकी नेमकी कल्पना कशी आली, याचं मला अजून नवल वाटतं.

आता आपण विचाराल, तो कायदा तृतीयपंथीयांचा. तुमच्या मुलाकडे जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र आहे का? नाही. तो तृतीयपंथी आहे, समलिंगी आहे, की नुसताच हळू बोलणारा आणि नाचायला आवडणारा मुलगा आहे, हे त्याला अजून कळायचंय. आम्हाला घाई नाही. घाई आपल्या शाळेला झाली. तिनं निकाल लावून पाठीवर लिहूनसुद्धा दिला. आणि गंमत बघा, लिहिणाऱ्या पोरांनी कुठलं प्रमाणपत्र मागितलं नव्हतं. ते फक्त तक्रार करणाऱ्याकडे मागतात.

हीच आठवीतली मुलं उद्या कॉलेजात गेली आणि तिथं असंच वागली तर काय होईल? यूजीसीनं २०१६ मध्ये रॅगिंगची व्याख्या वाढवली. लैंगिक ओळखीवरून, लैंगिक कलावरून कुणाला छळलं किंवा वगळलं तर तेही रॅगिंग. म्हणजे सतराव्या-अठराव्या वर्षी ज्याला गुन्हा म्हणतात, त्याचा पाच वर्षांचा पायाभूत अभ्यासक्रम आपण 'पोरं आहेत, मस्करी करणारच' या नावाखाली विनामूल्य चालवता. संस्थेच्या अहवालात याचा उल्लेख हवा.

तरी एका बाबतीत आपल्याला झुकतं माप द्यायला हवं. या विषयावर वरून एकदा फार नेमकं काही आलं होतं आणि आपण प्रिंट काढायच्या आत परतही गेलं. २०२१ च्या नोव्हेंबरच्या सुमारास एनसीईआरटीनं शिक्षकांसाठी तृतीयपंथी मुलांविषयीची प्रशिक्षण पुस्तिका संकेतस्थळावर टाकली. स्वच्छतागृह, गणवेश, मुलामुलींच्या उगीचच वेगळ्या केलेल्या रांगा, सगळं तीत होतं; आमच्या बाटलीचंही उत्तर होतं म्हणायला हरकत नाही. आक्षेप कुणी घेतला? राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानं. नाव परत एकदा वाचा. काही दिवसांत पुस्तिका गायब. मद्रास उच्च न्यायालयाच्या न्या. आनंद व्यंकटेश यांनी त्यावर नाराजी व्यक्त केली, आणि २०२३ च्या सुरुवातीला नवा मसुदा आला तो जरा सोवळं नेसूनच. आपला महाराष्ट्रही याबाबत मागे नाही : २००७ मध्ये आपण शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदीच घालून टाकली होती. तेव्हा 'वर'सुद्धा आपल्यासारखंच कुणीतरी बसलेलं असतं, हे मला मान्य. आपण वर बोट दाखवता, ते खाली दाखवतात. मधल्या मधे मुलं उभी.

आपल्या खुर्चीच्या मागे बाबासाहेबांची तसबीर आहे. हार ताजा होता, त्याबद्दलही अभिनंदन. १९३४ साली र. धों. कर्व्यांवर त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या मजकुरावरून अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा मुंबईत त्यांच्या बाजूनं उभे राहिलेले वकील हेच. मजकूर काय होता? वाचकांनी विचारलेल्या लैंगिक शंकांना दिलेली उत्तरं. त्यांत समलिंगी संबंधांविषयीचा प्रश्नही होता. लोकांना शंका असतील तर त्यांना उत्तर देणं म्हणजे अश्लीलता कशी, अशी बाजू त्यांनी मांडली. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. जवळजवळ शंभर वर्षं होत आली. त्याच तसबिरीखाली बसून आपण माझ्या भावजयीला म्हणालात, "असले विषय शाळेत काढायचेच नसतात."

खोटं कशाला बोलू, आपल्या शाळेत हा विषय निघतो, चांगला वाजतगाजत निघतो. गेल्या स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर आहे. दहावीची चार मुलं नऊवारी नेसून, ओठ रंगवून, कमरेला झटके देत आली. 'हास्यधमाल' असं कार्यक्रमपत्रिकेत. पहिल्या रांगेत संस्थेचे अध्यक्ष, शेजारी आपण, हसून डोळे पुसताय. पाचशे रुपयांचं बक्षीस आपण जागेवर जाहीर केलंत. थट्टेसाठी बाई झालेल्या चौघांना बक्षीस. आणि ज्यानं पातळ तर सोडाच, साधा रुमालसुद्धा कधी खांद्यावर टाकला नाही, नुसता आपल्या चालीनं चालतो, त्याला समुपदेशन. बालगंधर्वांनी नेसलेल्या शालूची नक्कल ज्या महाराष्ट्रात बायकांनी केली, तिथली आपली रसिकता इतकी पुढे गेल्याचं पाहून ऊर भरून आला.

आपण म्हणालात, "आमच्याकडे अशी यापूर्वी एकही तक्रार नाही." मी निघताना तक्रारपेटी पाहिली. कार्यालयाच्या दारालाच आहे, शिपायाच्या स्टुलासमोर. चिठ्ठी टाकणारा कोण, हे सगळ्या व्हरांड्याला नीट दिसावं म्हणून जागा निवडलेली. कुलपाला गंज. शेजारी मुलांच्या सुरक्षिततेसाठी नेमायच्या सखी सावित्री समितीचा फलक, त्यावरच्या पहिल्या दोन बाई बदलून गेल्याला जमाना झाला. युनेस्कोनं तामिळनाडूत अशा तरुण मुलांना त्यांच्या शाळेच्या दिवसांबद्दल विचारलं होतं. माध्यमिक शाळेत मारहाण-धक्काबुक्की सोसलेले ६० टक्के निघाले. शाळेकडे तक्रार केलेले, १८ टक्के. बाकीच्यांच्या मुख्याध्यापकांकडेही रजिस्टर आपल्यासारखंच कोरं आणि स्वच्छ असणार. आणि सुमारे एकतृतीयांश मुलांनी शाळाच सोडली होती.

तेव्हा मुद्द्यावर येते. भाऊ-भावजय सोमवारी अकरा वाजता मुलाचा दाखला न्यायला येतील. मी त्यांना थांबा म्हटलं, लढू म्हटलं. मुलगा म्हणाला, "आत्या, तू लढ. मी दुसऱ्या शाळेत जातो." त्याचं बरोबर आहे.

दाखला आपण स्वतः भराल की लेखनिक, ठाऊक नाही. 'प्रगती'पुढे 'चांगली' लिहायला हरकत नाही, तो पहिल्या पाचात असतो. 'वर्तणूक'पुढेही 'चांगली' लिहा. तीन वर्षांत त्यानं कुणाच्या पाठीवर काही लिहिलेलं नाही. राहता राहिला 'शाळा सोडण्याचे कारण' हा रकाना. तिथं 'पालकांच्या विनंतीवरून' लिहायची प्रथा आहे, शिक्काच असतो तसा. तो या वेळी उमटवू नये. पालकांनी अशी विनंती केलेली नाही. त्यांची विनंती त्या अर्जात होती, जो आपण घेतला नाहीत. तो अर्ज आज स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह आपल्याकडे निघाला आहे. प्रत गटशिक्षणाधिकारी, प्रत शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद. तिथल्या आवक विभागात माझ्या हाताखाली तयार झालेली दोन माणसं अजून आहेत, क्रमांक पडतो.

रकान्यातलं कारण खरं लिहायचं असेल तर आपल्या शब्दांत लिहा, मी मजकूर सुचवणार नाही. जागा कमी पडली तर मागच्या बाजूला लिहून सही-शिक्का करावा. नियमात बसतं, मी पाहिलंय.

कळावे,

आपली,
एक आत्या (निवृत्त, पण वेळ भरपूर)