चुकायची लाज म्हणून राहिली नाही हो!

ऐकलंत का? आमच्या सोसायटीत पोरं बिघडवायचा नवाच प्रकार सुरू झालाय. प्रोग्रामिंगचा क्लास म्हणे! संगणकासमोर जेमतेम बसतात, बाकी सगळा वेळ चाकं, मोटारी नि आर्डुइनोचा तो निळा बोर्ड घेऊन फरशीवर लोळण.

आमच्या वेळी कशी शिस्त होती. टर्बो सी, एक सेमीकोलन विसरला की पानभर एरर, आणि ‘हे आपलं काम नव्हे’ याची खात्री पहिल्याच आठवड्यात! ही पोरं बोर्डावरचा १३ नंबरच्या पिनचा इवलासा दिवा लुकलुकवतात आणि घरभर ओरडत सुटतात. आजी-आजोबांना जेवणावरून उठवून दिवा दाखवतात.

परवाचंच बघा. लॉबीत एका सहावीतल्या मुलीची गाडी धाडकन भिंतीवर आपटली. गाडीला पुढे दोन डोळ्यांसारखा सेन्सर असतो. आपल्याला ऐकू न येणारा आवाज तो सोडतो आणि भिंतीवरून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. आवाज जाऊन येतो, म्हणजे अंतर काढताना निम्मं करायला हवं. बाईसाहेब तेवढंच विसरल्या. भिंत दहा सेंटिमीटरवर आली तरी गाडी आपली वीसच्या भ्रमात. रडली का? नाव नको! पट्टीने मोजलं, स्क्रीनवरचा आकडा बघितला, ‘अय्या, दुप्पट येतंय!’ म्हणत भागिले दोन घातलं आणि गाडी पुन्हा सोडली. चार माणसांदेखत आपटली, पण चेहऱ्यावर लाजेचा लवलेश नाही!

ग्यानबाची मेख इथेच आहे. स्क्रीनवर लाल ओळ आली की मूल मनातल्या मनात स्वतःला ढ ठरवतं. गाडी आपटली की ढ गाडी. आणि निम्म्या वेळा तर सेल उतरलेला असतो, नाहीतर मोटारीच्या वायरी उलट्या.

हे खूळ काही आजचं नाही. सेमूर पॅपर्ट नावाचा गणितज्ञ होता. १९६७ साली लोगो ही मुलांसाठीची भाषा ज्यांनी केली, त्यांतला एक. पुढे तिच्या हुकमावर जमिनीवर रेघोट्या ओढत फिरणारं यांत्रिक कासव आलं. कोडं सुटेना तर स्वतः कासव होऊन चालून बघा म्हणे! चूक म्हणजे शोधून दुरुस्त करायची गोष्ट, असंही या गृहस्थाने १९८० सालच्या ‘माइंडस्टॉर्म्स’मध्ये चक्क लिहून ठेवलं. लेगोवाल्यांनी त्यांच्या रोबोट-खेळण्यांना त्या पुस्तकाचंच नाव दिलं.

आता यातही भोंदू आहेतच. काही क्लासवाले तयार कोड चिकटवून देतात, पोर नुसतं बटण दाबतं आणि आईबाप व्हिडिओ काढून नातेवाइकांना पाठवतात. तिथे मात्र काळजीचं कारण नाही. मुलं अगदी आमच्यासारखीच भित्री राहतात.

ती सहावीतली मात्र हाताबाहेर गेली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाणीपट्टीचे आकडे वाचले जात होते, तर ही मागून विचारते, ‘काका, इथे भागिले दोन राहिलंय का?’ दुसऱ्या दिवशी बोर्डावर नोटीस : लॉबीत चाकं असलेली कोणतीही वस्तू चालवण्यास सक्त मनाई.