वाटीत उरलेला रंग

केस रंगवून घेण्यासाठी पार्लरमध्ये नियमितपणे येणाऱ्या ग्राहकांचे वर्गीकरण करावयाचे झाल्यास वय, उत्पन्न किंवा केसांची लांबी यांपेक्षा रंगाची वाटी रिकामी झालीच पाहिजे हा आग्रह अधिक निर्णायक कसोटी ठरतो; आणि या कसोटीवर मराठी मध्यमवर्गातील जो एक प्रकार ठळकपणे वेगळा दिसतो, त्याला सोयीसाठी ‘उरलंसुरलंवाल्या बाई’ असे नाव देता येईल.

या बाई बहुधा बँकेतून किंवा शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या असतात, दुधाची रिकामी पिशवी विसळून ते पाणी पातेल्यात ओतणे आणि टूथपेस्टची नळी शेवटी कात्रीने उभी कापणे ही त्यांच्या घरची रीत असते, आणि दर सहा आठवड्यांनी त्या ‘रूट टच-अप’साठी, म्हणजे मुळाशी नव्याने उगवलेले पांढरे केस पूर्वीच्या रंगात मिळवून घेण्यासाठी, खुर्चीत येऊन बसतात. रंग लावणारी मुलगी त्यांना ‘काकू’ न म्हणता ‘ताई’ म्हणते. टच-अपचा अर्धा परिणाम तिथेच साधलेला असतो. मुळांचे काम संपले की बाई आरशातून वाटीकडे पाहतात, आणि त्यानंतरचे वाक्य सहसा बदलत नाही : “अगं, एवढं उरलंय, टाकून काय देतेस? शेंड्यांना फिरव की.”

वरकरणी ही मागणी रास्त असते, कारण शेंडे खरोखरच विटलेले असतात. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे ४० सेंटिमीटर लांब केसाचे टोक सुमारे ३ वर्षांचे असते आणि तेवढे उन्हाळे, तेवढी न्हाणी व लग्नसराईतील तेवढ्या तापलेल्या इस्त्र्या त्याने सोसलेल्या असतात. केसावर बारीक खवल्यांचे एक आवरण असते, ज्याला क्युटिकल म्हणतात आणि जे कौलारू छपरासारखे एकावर एक चढविलेले असते. मुळाशी ही कौले घट्ट बसलेली असतात, शेंड्याकडे मात्र ती उचकटलेली आणि फुटलेली असतात, त्यामुळे अशा छपरातून रंग जितक्या लवकर आत शिरतो तितक्याच लवकर तो धुण्यागणिक बाहेरही गळतो. ‘आमचे केस काही उन्हानं पांढरे झालेले नाहीत’ असे बाई तोऱ्यात सांगतात, ते खरेच आहे. उन्हाने त्यांचा फक्त रंग उडालेला असतो.

अडचण इतकीच, की वाटीतील द्रव्य शेंड्यांसाठी कालवलेलेच नसते. कायमस्वरूपी रंगातील अमोनिया केसाचे खवले उघडतो. आणि त्यात मिसळलेले डेव्हलपर, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, जे पांढऱ्या केसांसाठी बहुधा ‘२० व्हॉल्यूम’चे किंवा ६ टक्क्यांचे घेतात, ते आत शिरलेले बारीक रेणू एकमेकांशी जोडून इतके मोठे करते की त्यांना सहजासहजी बाहेर पडता येऊ नये. मुळाशी ज्या कामाला अर्धा तास लागतो ते सच्छिद्र शेंडा थोड्याच मिनिटांत उरकतो, आणि जुन्या थरावर नवा थर चढत गेल्याने ४ क्रमांकाचा तपकिरी रंग (या व्यवसायात १ म्हणजे काळा आणि १० म्हणजे अगदी फिका सोनेरी अशी मोजणी चालते) काही भेटींतच २ क्रमांकाकडे झुकू लागतो. सहा आठवड्यांच्या हिशेबाने ३ वर्षांच्या शेंड्यावरून असा ब्रश २६ वेळा फिरतो. मग मुळे तपकिरी, मध्यभाग गडद आणि शेंडे दौतीत बुडविल्यासारखे असा तीन मजली देखावा उभा राहतो, आणि बाई त्याचे खापर रंगाच्या कंपनीवर फोडतात. रंगाने रंग उजळत नाही हा या धंद्यातील पहिला नियम असल्यामुळे त्यावर वरून फिका रंग लावून भागत नाही. चढलेला रंग काढावा लागतो, नाही तर शेंडेच कापावे लागतात, आणि ‘कापणे’ हा शब्द ऐकताच बाई खुर्चीतून अर्ध्या उठतात. १९०७ साली पॅरिसमध्ये ओझेन श्युलेर या रसायनज्ञाने कृत्रिम केशरंग तयार केला, तेव्हा त्याने पुष्कळ गोष्टींचा विचार केला असावा. दुधाची पिशवी विसळणाऱ्या गृहिणीचा केलेला दिसत नाही.

जाणती कारागीर या मुद्द्यावर वाद घालीत नाही. मुळांची वेळ भरत आली की ती वाटी घेऊन पडद्यामागे जाते, उरलेला रंग सोडून देते आणि त्याच वाटीत अमोनिया नसलेला, सौम्य डेव्हलपरमध्ये कालवलेला ग्लॉस घेऊन परतते. हा ग्लॉस शेंड्यांची गेलेली छटा भरून काढतो आणि पुढील धुण्यांत हळूहळू उतरत जातो, म्हणून त्याचे थरांवर थर साचत नाहीत. त्याचे वेगळे पैसे सांगितले तर बाई ठाम नकार देतात, म्हणून ते टच-अपच्या दरातच मुरविलेले असतात, आणि उरलेला रंग फुकट पदरात पाडून घेतल्याचे जे समाधान बाईंच्या चेहऱ्यावर दिसते, त्याची किंमत त्यांनी आधीच चुकती केलेली असते.

मुळे आणि शेंडे एका रंगात आलेले पाहून बाई विहीणबाईंना ‘खरा अर्क तळालाच बसतो’ हा सिद्धान्त ऐकवितात आणि पुढच्या खेपेस पिशवीतून स्टीलचा छोटा डबा काढून, आज उरेल ते घरी नेण्याचा मनोदय जाहीर करतात. एकदा कालवलेला रंग तास-दोन तासांत निकामी होतो, शिवाय पेरॉक्साइडमधून प्राणवायू सुटत राहत असल्याने घट्ट झाकणाचा डबा फुटूही शकतो, असे मुलगी समजावून सांगते. बाई ते लक्षपूर्वक ऐकून घेतात, डब्याकडे एकवार पाहतात आणि विचारतात : “आणि झाकण जरा सैल ठेवलं तर?”