मधला पगार सांगा

दहावीचा निकाल लागला की एसटी स्टँडांवर खासगी पॉलिटेक्निकचे फ्लेक्स लागतात. चार-पाच हसरे चेहरे आणि ‘सर्वाधिक पॅकेज’ म्हणून एक दणदणीत आकडा. तो आकडा एका मुलाचा असतो. बाकीच्या वर्गाला किती मिळाले, किती जण हात हलवत घरी आले, हे फ्लेक्सवर कधीच नसते. आणि कर्जाच्या कागदांवर सही करणारा बाप बहुतेक वेळा त्या बाकीच्या वर्गातल्या मुलाचा असतो.

हिशेब मांडू. फी, वसतिगृह, मेस मिळून वर्षाला एक लाख धरा. डिप्लोमा तीन वर्षांचा, म्हणजे कर्ज तीन लाख. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, म्हणून ते सोपे वाटते. शिक्षण संपल्यावर आणखी वर्षभर हप्ता नाही, हे सगळेच सांगतात. पण पैसे उचलल्या दिवसापासून व्याज चालू होते, हे प्रवेशाच्या टेबलावर कुणी बोलत नाही. १० टक्के दराने, सरळव्याज धरूनही, चार वर्षांत ९० हजार चढतात. पहिला हप्ता येतो तेव्हा डोक्यावर ३ लाख ९० हजार असतात. सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ६,४७५ रुपये. शेवटच्या हप्त्यापर्यंत खिशातून गेलेली रक्कम साडेपाच लाखांना टेकते.

आता कमाई. डिप्लोमाधारक शिकाऊ उमेदवाराचे किमान विद्यावेतन २०१९च्या नियमबदलाने महिना ८,००० ठरले. त्यातून हा हप्ता वजा करा. उरले दीड हजार. चाकणसारख्या कारखान्यांच्या भागात कॉट बेसिसवरची जागासुद्धा त्यात परवडणार नाही. कुणी म्हणेल, शिकाऊ वर्ष हप्ता सुरू होण्याआधीच संपते. ठीक. पुढे कंत्राटी ट्रेनी म्हणून पंधरा हजार हातात पडले, तरी चाळीस टक्क्यांहून जास्त पगार बँकेला जातो. मग भाडे, डबा आणि घरी पाठवायचे पैसे कशातून काढायचे?

कर्ज कमाईला झेपते का, हे तपासायला अमेरिकेने एक माप ठरवले. तिथे दोन वर्षांची तांत्रिक पदवी देणारी कम्युनिटी कॉलेजे आहेत, आणि अशाच शिक्षणाच्या नावाने भरमसाट फी घेणारी नफेखोर कॉलेजेही आहेत. ‘गेनफुल एम्प्लॉयमेंट’ नावाचा नियम मुख्यतः या दुसऱ्या प्रकारासाठी आला : विद्यार्थ्यांचा कर्जाचा वार्षिक हप्ता कमाईच्या ८ टक्क्यांच्या आत असेल तर अभ्यासक्रम पास. २०१४चा हा नियम २०१९मध्ये रद्द झाला, २०२३मध्ये परत आला. यावरूनच तो कुणाला किती टोचतो ते कळते. शिवाय २०१५पासून ‘कॉलेज स्कोअरकार्ड’वर कॉलेजनिहाय मधली कमाई (मीडियन : निम्म्यांची त्याहून जास्त, निम्म्यांची कमी) आणि मधले कर्ज कुणालाही पाहता येते.

हेच माप आपल्या तीन लाखांच्या कर्जाला लावा. मुदत दहा वर्षांवर ताणली तर हप्ता ५,१५० वर येतो. तो ८ टक्क्यांत बसायला पगार हवा महिना ६४ हजार. नुकताच डिप्लोमा झालेल्या किती पोरांना एवढा पगार मिळतो, हे त्या फ्लेक्सवाल्यांनी छातीवर हात ठेवून सांगावे.

डिप्लोमा वाईट नाही. हातात कौशल्य देणारे, लवकर कामाला लावणारे हे शिक्षण मला मनापासून मोलाचे वाटते. वाईट आहे ते त्यासाठी काढलेले कर्ज. शासकीय तंत्रनिकेतनाची वर्षाची फी दहा हजारांच्या आसपास असते, आणि स्वायत्त संस्था सोडल्या तर परीक्षा तीच, प्रमाणपत्रही तेच, राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचे (एमएसबीटीई). मग जिल्ह्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात मेकॅनिकलला जागा मिळत असताना, शेजारच्या खासगी संस्थेत ‘कॉम्प्युटरच पाहिजे’ म्हणून लाख-लाख का मोजायचे? खासगीत जायचेच असेल तर केंद्रीभूत प्रवेश फेरीतून जा. व्यवस्थापन कोट्यातून गेलात की राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्तीवर पाणी सोडावे लागते. ‘फॉर्म भरायची कटकट नको, सीट आजच पक्की करतो’ म्हणणारा एजंट हे सांगत नाही, आणि अडाणी बापाला नेमके तिथेच नागवले जाते. याचा मला राग येतो.

बरीच मुले डिप्लोमानंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातात. म्हणजे आणखी तीन वर्षे फी, आणखी कर्ज, आणि कमाई अजून लांब. कर्ज काढायचेच असेल तर ते त्या टप्प्यासाठी राखून ठेवा. डिप्लोमाच्या वेळी तर सोळा वर्षांच्या पोराला कर्जाच्या कागदांवर स्वतः सहीसुद्धा करता येत नाही. कागद आई-बापाच्या सहीने होतात.

तंत्रशिक्षण संचालनालय दरवर्षी संस्थानिहाय, शाखानिहाय कटऑफ दोन दशांश स्थळांपर्यंत जाहीर करते. इतका काटेकोरपणा जमतो, तर त्याच तक्त्यात आणखी तीन रकाने जमतील : मागच्या तुकडीतले किती जण कामाला लागले, त्यांचा मधला पगार किती, आणि तीन वर्षांच्या पूर्ण खर्चाएवढ्या कर्जाचा मासिक हप्ता किती. पुढच्या वर्षी विकल्प अर्ज उघडण्याआधी हे रकाने हवेत. आकडे न देणाऱ्या संस्थेचा कोड त्या वर्षी यादीत असता कामा नये.