ट्यूबलेस भावोजी

काल रात्री साडेनऊला पुढच्या चाकात 25 पीएसआय हवा होती. आज सकाळी सहाला ती 23.5 निघाली. मधल्या वेळात दीडाची उचल कुणी केली, याचा तपास चालू असताना मी रामनगरला अक्काच्या घरी पोहोचलो. अंगणात सायकल उलटी पडलेली, भावोजी तिच्यावर ओणवे. एका हातात हवा मोजायचं घड्याळ, दुसऱ्या हातात साबणाच्या पाण्याचा तांब्या, कानावर पेन्सिल. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "चहा नंतर. आधी ताळा लागू दे."

"बघ की," अक्का दारातून म्हणाली, "34 वर्षं बँकेत लोकांचे पैसे मोजले, आता घरची हवा मोजायलेत."

सायकलवाल्यांत ही एक वेगळीच जात आहे. रविवारी पहाटे बेळगावातून सायकलींचे जे घोळके निघतात, त्यातल्या प्रत्येकात एक तरी ट्यूबलेसवाला असतो. बाकीचे लोक किती किलोमीटर झाले ते सांगतात, हा किती मिली घातलं ते सांगतो. त्याच्या नखांच्या कडांना पांढरं रबर सुकलेलं असतं. तुमच्याशी बोलताना तो तुमच्या तोंडाकडे बघत नाही. तुमचा टायर अंगठ्यानं दाबतो, दलाल आंबा दाबतो तसा, आणि "हं" म्हणतो. त्या "हं"नंतर पुढचे आठ दिवस आपल्याला झोप लागत नाही.

भावोजी या पंथात निवृत्तीनंतर आले. हवेच्या टायरचं पेटंट 1888 साली बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरनं घेतलं, आणि तेव्हापासून शंभरेक वर्षं जगानं पंक्चर काढण्यात घालवली. मग 1999 साली माविक, हचिन्सन आणि मिशेलिन या फ्रेंच कंपन्यांनी मिळून डोंगरी सायकलीतली ट्यूबच काढून टाकली. ट्यूबच नाही तर पंक्चर कशाचं? हा युक्तिवाद भावोजींना ताबडतोब पटला. कर्जच दिलं नाही तर बुडेल कसं, याच चालीचा होता ना.

गळतीशी त्यांचं वैर त्याहून जुनं असावं, असा माझा एक तर्क आहे. त्यांचं मूळ घर सुप्याचं. गणेशगुडीला 101 मीटर उंच भिंत घालून काळी नदी अडवली, गाव पाण्याखाली गेलं, तालुक्याची कचेरी जोयड्याला गेली आणि बरीचशी माणसं इथं रामनगरला येऊन बसली. सरकारनं नदी अडवून दाखवली, आपल्याला निदान हवा तरी अडवता यावी, एवढीच त्यांची इच्छा दिसते. पण नदी दिसते तरी. हवेचं तसं नाही.

विद्या म्हटली तर सोपी आहे. रिमच्या आत तारांची जी भोकं असतात त्यांवर पट्टी चिकटवायची, टायरची कड रिममध्ये गच्च बसवायची आणि आत शंभरेक मिली सीलंट सोडायचं. सीलंट म्हणजे मुळात पातळ केलेला रबराचा चीक. भोक पडलं की हवा बाहेर धावते, तिच्यामागे चीक धावतो, भोकाच्या तोंडाशी त्याच्या गुठळ्या होतात आणि बूच बसतं. भावोजी हे पाहुण्यांना नाष्ट्याच्या वेळी समजावतात, दह्याच्या वाटीत बोट फिरवून. पाहुणे दही खात नाहीत.

"मग फणसाचा चीक घाला की," अक्का एकदा म्हणाली. तिचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं; फणसाचा चीक तापवून फुटक्या भांड्यांची भोकं बुजवायची रीत जुनी आहे, आणि त्यांच्या परसात फणसाला तोटा नाही. भावोजी दुखावले. "तो नुसता चिकटतो. आपल्याला गोठणारा पाहिजे," म्हणाले. मात्र दोन दिवसांनी मागच्या दारी एक जुना टायर फणसाच्या खोडाला कायमचा चिकटलेला मला दिसला. त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

खरी परीक्षा टायरची कड बसवताना होते. सगळी हवा एका दमात आत गेली तरच कड रिमवर चढते. हळूहळू भरलेली हवा बाजूनं निघून जाते. त्यासाठी व्हॉल्व्हचा गाभा काढायचा, कडेला साबणाचं पाणी लावायचं आणि पंप असा मारायचा की शेजाऱ्यानं डॉक्टरला बोलवावं. कड चढली की बंदुकीचा बार काढावा तसा आवाज होतो. दोन कडा, दोन बार. पहिल्या वेळी शेजारच्या केळीच्या बागेतली सगळी माकडं एका क्षणात पसार झाली. शेजारी कुंपणाशी आला. भावोजींना वाटलं, भांडायला आला. तो म्हणाला, "पात्रांव, हे रोज करता येईल?"

तेव्हापासून भावोजींच्या कलेला गावात एक तरी कदरदान आहे. माकडं वाढली की तो केळीचा घड घेऊन येतो आणि आडून विचारतो, "टायर सैल वाटत नाही काय?"

प्रेस्टा व्हॉल्व्ह हा आणखी एक अध्याय. तो काडीसारखा बारीक. नाक्यावरच्या पंक्चरच्या दुकानातली नळी त्याला बसत नाही. मध्ये पितळेचा एक जोड लागतो, करदोट्याच्या घुंगराएवढा. दोन हरवल्यावर भावोजींनी तिसरा काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातला. बाजारात लोक विचारतात, कुठल्या देवाचा?

"किती भरू?" दुकानदारानं विचारलं.

"25. वर नाही."

"एवढीच? सायकलवर बसून जाणार की हातात धरून?"

यावर भावोजींनी त्याला दगड आणि मुळांवरून जाताना नरम टायर जमीन कसा धरून ठेवतो, आणि एवढ्या कमी हवेत ट्यूब असती तर रिमखाली चिमटून तिला सापानं डसल्यासारखी शेजारी-शेजारी दोन भोकं कशी पडली असती, ते सविस्तर सांगितलं. मागं ट्रॅक्टरवाला हॉर्न देत होता.

आणि पावसाळा? इकडे जूनमध्ये पाऊस धरला की सप्टेंबरपर्यंत सायकल पडवीतून हलत नाही. पण उभ्या सायकलीत चीक तळाशी साचतो. म्हणून रोज दिवेलागणीला चाकं फिरवायची. अक्का तुळशीला प्रदक्षिणा घालते, भावोजी चाकाला घालायला लावतात. दर दोन-तीन महिन्यांनी टायर उघडून किती चीक सुकला ते पाहायचं. उघडला की अमोनियाचा भपका येतो. घरात म्हैस नसून गोठ्याचा वास. आत रबराचा सुकलेला पापुद्रा आणि गोळे. ते भावोजी काट्यावर तोलतात, ओलं असताना घातलेल्या मिलीतून वजा करतात आणि वहीत लिहितात. ताळा कधीच लागत नाही.

मी एकदा भीत भीत म्हटलं, "भावोजी, तुम्ही दिवसातून चारदा घड्याळ लावता. दर वेळी जो फुस्स आवाज होतो, ती हवा कुठल्या खात्यात?"

ते बराच वेळ गप्प बसले. मग पट्टी घेऊन वहीत एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, सेवा शुल्क.

या सगळ्यात सायकल चालवायची राहून जाते, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. पण जानेवारीत त्यांनी मला आग्रहानं बरोबर नेलं. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वाटेल तिथं घुसता येत नाही, म्हणून जगलबेटच्या बाजूला हद्दीबाहेरची एक लाल मातीची वाट धरली. दुतर्फा कळकाची बेटं. कळकाचा काटा काय असतो ते इथल्या गाईगुरांना विचारावं. भावोजी थांबून थांबून मला टायर दाखवत होते. त्यात 11 काटे रुतलेले. एकही उपसलेला नाही; जिथं रुतला तिथं तोच बूच. प्रत्येकाला क्रमांक, वहीत तारीख आणि ठिकाण. "सातवा अनमोडच्या रस्त्यावरचा," ते म्हणाले. सैनिक छातीवरचं पदक दाखवतो त्या आवाजात.

उतारावर एका धारदार दगडानं टायरची बगल चिरली. काट्याचं भोक चीक बुजवतो; बोटभर चिरेपुढं त्याचं काही चालत नाही. चाक फिरत होतं आणि प्रत्येक फेऱ्याला पांढरी पिचकारी, एक भावोजींवर, एक माझ्यावर. थांबलो तेव्हा आम्ही दोघंही नुकतेच दहीहंडी फोडून आल्यासारखे दिसत होतो. भावोजींनी डांबरी सुतळीसारखी रबरी पट्टी चिरेत खुपसली. ती बाहेर आली. दोन खुपसल्या. दोन्ही आल्या.

मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सीटखालच्या पिशवीतून रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढली. ट्यूब!

"भावोजी?"

"मुदत ठेव आहे. मुदतीआधी मोडावी लागली," ते खाली बघत म्हणाले. "अक्काला बोलू नकोस."

आता ट्यूब घालायची तर सगळे काटे काढणं आलं, नाहीतर तेच तिला भोसकणार. वाटेच्या कडेला बसून भावोजींनी एकेक पदक चिमट्यानं उपसलं, वहीत एकेक ओळ खोडली. चिरेला आतून दहाची नोट घडी करून लावली. 11 झाले. ट्यूब घातली, मी दोनशे वेळा पंप मारला, आम्ही निघालो. शंभर पावलांवर फुस्स.

बारावा काटा होता. बिननोंदीचा.

भावोजी वही चाळत राहिले. तेवढ्यात समोरून एक कुणबी म्हातारा आला, साध्या काळ्या सायकलवर. कॅरियरला पोतं, त्यात मुडलीचे कंद, जोयड्याच्या कंदमुळांच्या मेळ्याला निघालेले. "पंक्चर काय?" त्यानं विचारलं.

"नाही," भावोजी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, सायकल झाडाला टेकवली आणि सीटखालून सोल्युशनची ट्यूब, पॉलिश पेपर आणि रबराचा तुकडा काढला. ओढ्याच्या पाण्यात ट्यूब धरली, बुडबुडा पाहिला, घासलं, चिकटवलं, दगडानं ठोकलं. बारावा काटाही त्यानंच बोट फिरवून शोधला. पैसे घेतले नाहीत. भावोजींना राहवलं नाही. विचारलं, "तुमच्या टायरमध्ये हवा किती ठेवता?"

म्हाताऱ्यानं अंगठ्यानं टायर दाबला. "आहे," म्हणाला, आणि गेला.

घरी पोहोचेपर्यंत भावोजी बोलले नाहीत. अंगणात सायकल टेकवली, वही उघडली, पेन्सिल कानावरून काढली आणि तशीच धरून बसले. कुंपणापलीकडून केळीचा एक घड वर आला. त्यामागून शेजाऱ्याचं डोकं.

"पात्रांव, टायर गेला म्हणे," तो हसू दाबत म्हणाला. "मग नवा उद्या सकाळीच बसवणार ना?"