दाजींचं पिस्तूल आणि माझा अंगठा

निर्मलला एके काळी तोफा ओतत आणि त्या निजामाच्या फौजेला जात. आता इथं पोनिकीच्या हलक्या लाकडाची फळं-पाखरं घडतात. तरी तोफांच्या गावचा माणूस म्हणून शस्त्रांतलं मला उपजत कळतं, अशी माझी समजूत. घरात ती कुणाचीच नाही.

भैंशाचे आमचे दाजी कापसाचे व्यापारी. हंगामात रोकड सांभाळावी लागते म्हणून त्यांनी पिस्तुलाचा परवाना काढला. "तुम्ही वाचता-बिचता, हैदराबादला सोबत चला," एवढंच ते म्हणाले, आणि मी वाचायला बसलो. बायको म्हणाली, "अहो, कुकरची शिट्टी झाली तरी तुम्ही दचकता!"

बसमध्ये मी दाजींना सगळं सांगितलं, आणि दाजींना थोडं कमी ऐकू येतं. "कोल्ट 1911 ला दोन सेफ्टी. एक अंगठ्याचा खटका, दुसरी मुठीमागची पट्टी. मूठ घट्ट आवळल्याशिवाय गोळी सुटत नाही. ब्राउनिंग 1910 ला तिसरीही आहे, मॅगझिन काढलं की चाप निकामी! आणि ऑस्ट्रियाच्या लष्करानं 1982 मध्ये घेतलेल्या ग्लॉकला अंगठ्याचा खटकाच नाही. चापातच एक छोटी पट्टी, बाकीचे अडसर आत. आपल्या लष्कराचं ईशापूरचं पिस्तूल म्हणजे ब्राउनिंग हाय-पॉवर..." पलीकडच्या बाईंनी पिशवी उचलून मागची सीट गाठली.

दुकानदारानं पहिलाच प्रश्न विचारला, "लायसन्स में बोअर क्या है?" .32. ग्लॉक आणि हाय-पॉवर, दोन्ही नऊ मिलिमीटरची. तो बोअर सामान्य माणसाला निषिद्ध! माझा निम्मा अभ्यास तिथंच बाद झाला.

त्यानं शिकवायचं एक जुनं पिस्तूल काउंटरवर ठेवलं. मी ऐटीत मॅगझिन काढलं आणि म्हणालो, "झालं रिकामं." त्यानं काही न बोलता स्लाइड मागं ओढली. चेंबरमधून एक नकली काडतूस उडालं आणि काचेवर टणटणत माझ्यापुढं येऊन थांबलं. "अब बोलो साब, खाली था?" मॅगझिन काढलं तरी नळीतली गोळी नळीतच राहते. काही पिस्तुलं मग उडत नाहीत, पण बरीचशी बिनदिक्कत उडतात. हे मी वाचलं होतं, अधोरेखितसुद्धा केलं होतं.

अब्रू सावरायला मी स्वतः स्लाइड ओढली. आधी ती हललीच नाही. मग हलली ती एकदम मागं गेली आणि परतताना अंगठ्याजवळची कातडी घेऊन आली. दुकानदारानं ओल्या रुमालाची तयारी आधीच ठेवली होती, म्हणजे माझ्यासारखे येत असणार.

दाजींनी मात्र परवान्यासाठी रीतसर प्रशिक्षण घेतलेलं. नळी मोकळ्या भिंतीकडं, बोट चापाबाहेर, मॅगझिन काढून स्लाइड मागं, चेंबरमध्ये डोळा, शिवाय करंगळीनं चाचपणी. तोंडातून एक शब्द नाही. त्यांनी सरकारी कारखान्याचं 'अशनी' घेतलं. माझं मत कुणी विचारलं नाही.

पुढं निवडणूक लागली, आचारसंहिता आली आणि पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा झालं. तुमच्याकडं परवाना असेल, तर जमा करण्याआधी चेंबर उघडून बघा आणि पावती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.